बोटभर लहान कोंबडी

ऑर्विल स्टकीला जेवायला बोलवायचं म्हणजे घरच्या बाईला धास्तीच असायची. भांडं दिसलं की उलटं करायचं आणि बुडाखालचा शिक्का वाचायचा, ही त्याची खोड. एकदा मेव्हणीच्या घरी त्याने रश्श्याचं भांडं रश्श्यासकट उलटं केलं आणि वर "साधंच आहे" म्हणून परत ठेवलं. मेव्हणी दोन वर्षं बोलत नव्हती. हा किस्सा ऑर्विल स्वतःच चारचौघांत सांगायचा आणि सगळ्यांच्या वरताण हसायचा. खोड मात्र गेली नाही ती नाहीच.

ओहायोतल्या त्यांच्या गावात पूर्वी मसग्रोव्हचा चिनी मातीचा कारखाना होता. तो बंद पडून तीस वर्षं झाली, आणि आता तिथे बनलेल्या बिस्किटांच्या बरण्यांपायी चांगली शहाणीसुरती माणसं वेडी झाली होती. त्यांचं रीतसर मंडळ होतं, दर महिन्याला पत्रिका निघायची. टपाल वाटून निवृत्त झालेला ऑर्विल त्या मंडळाचा प्रोफेसर. ही पदवी कोणी चेष्टेने दिली होती, पण त्याने ती गंभीरपणे घेतली होती.

त्याच्या काचेच्या कपाटात मधोमध मसग्रोव्हची कोंबडी होती. पांढरी, अंड्यांवर बसलेली. तिची पाठ म्हणजेच बरणीचं झाकण. ऑर्विलची आई त्या कारखान्यात कोंबड्यांचे तुरे रंगवायची, आणि एका नाताळात मुकादमाने तिला ही कोंबडी दिली होती. आईच्या हातची म्हणावी अशी एवढी एकच वस्तू ऑर्विलकडे उरली होती.

आणि हीच कोंबडी त्या पठ्ठ्याने हाताने देऊन टाकली!

झालं असं की उन्हाळ्यातल्या मंडळाच्या बाजारात जेराल्ड फिस्टर त्याच्या टेबलापाशी आला. जेराल्ड शेजारच्या गावचा न्हावी; न्हावी असून कमी बोलणारा. त्याच्या काखेत अगदी तशीच कोंबडी होती. ऑर्विलने खिशातून टेप काढून मोजली. घरची अकरा इंच, ही दहा! त्याने पुन्हा मोजली. मसग्रोव्हचे विक्रेते दुकानदारांना दाखवायला लहान नमुने घेऊन फिरायचे अशी मंडळात कुजबूज होती, पण असा नमुना कोणी पाहिला नव्हता.

"ऑर्विल, ही माझ्या बहिणीकडची," जेराल्ड म्हणाला. "मला जरा विचारायचं होतं की..."

"थांब थांब, शिक्का बघू दे." शिक्का पुसट होता. पुसट म्हणजे जुना, ऑर्विलने मनात ठरवून टाकलं.

"मी काय म्हणतो, माझी बहीण..."

"जेराल्ड, मी बघतोय ना?"

"अरे, ऐकून तरी घेशील?"

"तू फक्त हो म्हण. माझ्या आईची मोठी कोंबडी तुला देतो, ही मला दे. बोल!"

जेराल्डने एकवार टेपकडे नि एकवार ऑर्विलकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं."

संध्याकाळी अदलाबदल झाली. एका भोळ्या न्हाव्याला आपण गंडवलं याची ऑर्विलला जराशी टोचणी लागली, पण ती त्याने घरी येईपर्यंत शीळ वाजवत घालवली.

"सासूबाईंची कोंबडी दिलीस?" त्याची बायको नदीन दारातच किंचाळली. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तुला नाही कळायचं. ही जगात एकच आहे."

नदीन दर मंगळवारी चर्चमागच्या हौशी वर्गात मातीकाम करायला जायची. बाया साच्यातून ससे नि देवदूत काढायच्या, रंगवायच्या, भट्टीत भाजायच्या. ऑर्विल त्याला 'मंगळवारचा चिखल' म्हणायचा. अकरा वर्षांत त्याने त्या वर्गात पाऊल टाकलं नव्हतं.

ऑक्टोबरात मंडळाची वार्षिक सभा चर्चच्या तळघरात भरली. ऑर्विलचं भाषण होतं, 'मसग्रोव्हचा अज्ञात नमुना'. अर्धा तास आधी तो आणि नदीन टेबलावर कोंबडी मांडत होते, तेवढ्यात कॉफी आणि भोपळ्याची गोड पाई घेऊन व्हर्ना हॉक आली. मंगळवारचा वर्ग चालवायची ती हीच.

"अगं बाई! ही अजून शाबूत आहे?"

"म्हणजे?" ऑर्विलने विचारलं.

"आमच्या वर्गातलीच की! नदीन यायच्या आधीची गोष्ट. मसग्रोव्हच्या कोंबडीवरून आम्ही साचा घेतला होता. साच्यात पातळ माती ओतायची, वाळवायची, भाजायची. माती आकसते ना, म्हणून पिल्लू बोटभर लहान निघायचं. बुडाचा शिक्कासुद्धा उमटायचा, पण पुसट. विसेक तरी काढल्या असतील, मग साचा फुटला. पण तुला कशाला सांगायला हवं? तू प्रोफेसर."

माती आकसते! ऑर्विलने पत्रिकेत दोनदा लिहिलं होतं हे. कारखान्याची माती आकसते, तशी बायकांचीही आकसत असेल, हे मात्र त्याच्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं.

"मी कोणाला सांगणार नाही बाबा," व्हर्ना म्हणाली. "माझं काम कॉफीचं."

मोह मोठा होता. भाषण ठोकलं असतं तर प्रोफेसरकी शाबूत राहिली असती. पण जगात एकच असलेली वस्तू मिळाली असं सगळ्यांना सांगितल्यावर कोणत्या तोंडाने जेराल्डकडे आईची कोंबडी परत मागणार?

"तुला काय हवंय?" नदीनने हळूच विचारलं.

"आईची कोंबडी हवीय गं," तो म्हणाला.

लोक जमले. ऑर्विल उभा राहिला, घसा खाकरला. "मंडळी, हा नमुना अज्ञात नाही. या चर्चच्याच मागच्या खोलीत असे वीस निघालेत. गाढव एकच आहे, आणि ते तुमच्यासमोर उभं आहे." मग त्याने सगळं सांगितलं; जेराल्डला गंडवायला गेलो होतो, हेसुद्धा. लोक डोळे पुसून पुसून हसले.

दुसऱ्या रांगेतून जेराल्ड उठला. "मला माहीत होतं. माझी बहीण मार्था हिने केली ती."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"तीनदा बोलायला गेलो! म्हटलं, हा मला फसवतोय ना? मग फसू दे पुरता."

आता कोणी हसलं नाही. "परत देशील?" ऑर्विलने विचारलं.

"उद्या ती घेऊन घरी ये. आणि तोंड बंद ठेवून ये."

दुसऱ्या दिवशी जेराल्डच्या स्वयंपाकघरात दोन्ही कोंबड्या शेजारी शेजारी ठेवल्या. जेराल्डने लहानीचं झाकण काढून ऑर्विलच्या हातात उलटं दिलं. आतल्या बाजूला, झिलईखाली, खिळ्याने कोरलं होतं: जेराल्डला, मार्थाकडून. तीन महिने ऑर्विलने ती कोंबडी बुडाकडून हजारदा वाचली होती.

"वसंतात गेली ती," जेराल्ड म्हणाला. "बाजारात बदलायला नव्हती आणली मी. चोचीपाशी तडा गेलाय, तो कशाने सांधायचा एवढंच तुला विचारायचं होतं. रागाच्या भरात देऊन बसलो, नि तेव्हापासून झोप नाही."

तडा कशाने सांधायचा हे ऑर्विलला चांगलं ठाऊक होतं. त्यावर तो तासभर बोलू शकला असता. त्याने खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "कशी होती मार्था?"

जेराल्ड अंधार पडेपर्यंत बोलत होता.