एकच नग

मामांच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला कुणीतरी एक जुना फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. नऊ-दहा वर्षांची मुलगी सायकलचं हँडल धरून उभी, डोळ्यांवर ऊन, एक मोजा घसरलेला. ही थोरली की धाकटी, यावर पाहुण्यांत पैजा लागल्या. ताई लांबूनच म्हणाली, "मी." छोटी मात्र चष्मा कपाळावर चढवून फोटोला नाक टेकेल इतकी जवळ गेली, आणि तिला कळेना. ती मुलगी आपण होतो की नव्हतो, हे तिला सांगता येईना. सगळे हसले, तीही हसली. पण त्या दिवसापासून तिचं कशात म्हणून लक्ष लागेना.

दोघी जुळ्या. ताई अकरा मिनिटांनी मोठी, तेवढ्यावर जन्मभराची ताई झालेली. आता दोघी सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा जणू एकमेकींना विचारून पडलेल्या. ताई शाळेत गणित शिकवायची. बावीस वर्षांत आसपासच्या चार गल्ल्या तिच्या हाताखालून गेल्या होत्या. छोटी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायची, तिथे तिला कोण बघणार? त्यामुळे रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण छोटीलाच थांबवून म्हणायचा, "बाई, ओळखलंत का?" पहिली काही वर्षं तिने समजावून सांगितलं. मग कंटाळून "ओळखलं की" म्हणायला लागली, घरच्यांची चौकशीही करायची. एकदा तर एका टक्कल पडलेल्या माणसाला तिने तुझे अपूर्णांक कच्चे होते असं ठोकून दिलं, आणि ते खरं निघालं.

घरात सगळं दोन-दोन यायचं. दोन फ्रॉक, दोन दप्तरं, कानात सोन्याचे दोन-दोन ठिपके, गळ्यात केसासारख्या बारीक दोन साखळ्या. आई गेली तरी ती सवय गेली नाही. ताई आणि भावोजी समोरच्याच घरात राहायचे. ताई बाजारातून आली की छोटीच्या दाराला पिशवी अडकवून जायची आणि आपल्या घरातूनच ओरडून सांगायची, दोन घेतले गं. छोटीच्या कपाटात तिने स्वतः निवडलेलं असं फारसं काही नव्हतंच. दागिना तर एकही नव्हता.

फोटोनंतरच्या आठवड्यात तिने दोन काचा वाया घालवल्या. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. चाकावर काच धरली की हात थांबायचा, मग उगाच फडक्याची घडी कर, पुन्हा मोड, खिडकी उघड, लाव. शेवटी शुक्रवारी मालकांनी एक तयार चष्मा तिच्या हातात देऊन, जरा मोकळ्या हवेत जाऊन ये, हा पोचवून टाक, असं सांगितलं.

पत्ता मागच्या गल्लीतला निघाला. एका बाजूला किल्ल्या करणारा, दुसऱ्या बाजूला बूट दुरुस्तीवाला, आणि मध्ये एक अरुंद, काळ्या रंगाचं दार. आत दिव्याखाली एक जाडजूड म्हातारा कारागीर कसल्याशा कवटीचे दात कोरत बसला होता. छोटीने चष्मा त्याच्या नाकावर चढवला, कानांमागच्या काड्या वाकवून नीट बसवल्या. त्याने कवटी उचलून पाहिली आणि समाधानाने म्हणाला की आता निदान दात तरी मोजता येतील.

तो गॉथिक दागिने करायचा. छोटीने असे दागिने फक्त तरण्या पोरींच्या गळ्यात पाहिले होते, तेही लांबून. इथे ते भिंतभर होते. मुद्दाम काळी केलेली चांदी, काटेरी वेलींच्या अंगठ्या, बोटभर शवपेट्या, मणी धरून बसलेले कावळ्याचे पंजे. तिला पहिल्यांदा बघवेना. पैसे घेतले आणि ती निघाली. अर्ध्या वाटेत लक्षात आलं की आपण सुटे द्यायचे विसरलो. परत गेली, सुटे दिले, आणि मग पंधरा मिनिटं तिथेच उभी राहिली.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती पुन्हा गेली. मंगळवारीही गेली. कारागीर मान वर करून नुसता हुंकार द्यायचा. बुधवारी त्याने हत्यार खाली ठेवलं आणि कुणासाठी बघताय असं विचारलं.

"माझ्यासाठी," ती म्हणाली, आणि स्वतःच चमकली.

मग त्याने तिचा धंदा विचारून घेतला. अंगठी नको, चाकात अडकली तर बोट जाईल, असं त्यानेच सांगितलं. लोंबती साखळी त्याच कारणाने नको. राहिल्या कॉलरला लावायच्या पिना. त्याने काळ्या कापडावर सात पिना मांडल्या. छोटीने क्षणाचाही विचार न करता पंख पसरलेलं वटवाघूळ उचललं.

"हे माझ्या बहिणीला अजिबात चालायचं नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी एखादं डोक्यावरून गेलं तरी ती घरात पळते."

"बरं," कारागीर म्हणाला. "आणि तुम्हाला?"

वटवाघूळ तिने खाली ठेवलं, फिरून येते म्हणाली आणि खरंच फिरायला लागली. गल्लीला तिने तीन फेऱ्या घातल्या. तिसऱ्या फेरीला किल्लीवाल्याने काही हरवलंय का म्हणून विचारलं. ती नाही म्हणाली, आणि पुढे गेल्यावर तिला वाटलं की हो म्हणायला हवं होतं. ताईला काय आवडतं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. काय आवडत नाही, तेही. स्वतःचं म्हणून काही आठवायला गेलं की मध्येच ताई येऊन उभी राहायची.

आत येऊन तिने एकेक पीन हातात घेतली. वजन पाहिलं, मागची टाचणी पाहिली, धार बोटाने चाचपली. दोन तर मनापासून कुरूप वाटल्या, आणि तसं वाटल्याचं तिला बरं वाटलं. सहावी पीन म्हणजे एक उभी, टोकदार कमान होती, जुन्या उंच खिडकीसारखी. कडेने काटे आणि आत काळा दगड. तिने सवयीने दगड दिव्यासमोर धरला, तर तो काळा नव्हताच. आतून गडद लाल उजेड आला. दिव्यापासून बाजूला केला की पुन्हा काळा. तिने चार वेळा तसं केलं. दगड कमानीच्या मधोमध नाही, केसभर डावीकडे बसलाय, हेही तिला दिसलं. दुकानात असलं काही तिने परत पाठवलं असतं. इथे तिला ते आवडलं. खरंच आवडलं.

कारागीर म्हणाला की दगड बसवताना त्याचा जुना चष्मा होता, म्हणून तसं झालं. असा एकच नग आहे.

संध्याकाळी जिन्यातच ताई भेटली. तिची नजर सरळ कॉलरवर गेली.

"कुणी गेलंय का? सुतकासारखं हे काळं कसलं?" तिने विचारलं.

छोटीने नाही म्हणून सांगितलं. पीन आहे, आजच घेतली. ताईने चष्मा सरसावून काटे पाहिले, बोट लावून पाहिलं, टोचलं तसं मागे घेतलं. मग विचारलं, "दोन होत्या?"

"एकच होती."

ताई बरं म्हणाली आणि घरात गेली. पुढचे चार दिवस दाराला पिशवी नाही, सकाळची हाक नाही. एरवी हे दार वाजलं की ते उघडायचं. छोटी कामाला निघताना पीन लावायची, जिन्यात काढायची, खालच्या पायरीवर पुन्हा लावायची. दुकानात काच घासता घासता तिचा हात गळ्याशी जायचा. रस्त्यात लोक आता बोलता बोलता अडखळायचे. बाई, म्हणून सुरुवात करायचे, पिनेकडे बघायचे आणि माफ करा म्हणून पुढे जायचे. हेच तर हवं होतं. तरी घरी आल्यावर ती दाराला कान लावून समोरच्या घरातली भांडी ऐकत राहायची.

पाचव्या दिवशी ताई आली. अंगातला कोट न काढताच खुर्चीच्या टोकावर बसली आणि आपण त्या दुकानात गेलो होतो असं सांगायला लागली. आत पाऊल टाकताच म्हाताऱ्याने टाचणी सैल झाली का असं विचारलं. हिने मी ती नव्हे म्हटलं, तर त्याने चष्मा पुसून घातला, नीट पाहिलं आणि म्हणाला, म्हणजे वटवाघूळ न चालणाऱ्या त्या तुम्ही.

"तुझ्या काचा काही धड नाहीत," ताई म्हणाली, पण हसली नाही. "मला आजवर कुणी तू समजलं नव्हतं. पहिल्यांदाच."

छोटीने कसं वाटलं ते विचारलं.

ताईने थोडा वेळ कोटाचं बटण फिरवलं. "आपण तिथे नाहीच, असं वाटलं. उभी मी आहे आणि तो बोलतोय भलत्याच कुणाशी." मग तिने वर पाहिलं. "तुला होतं का गं असं?"

"जवळजवळ रोज."

"मग सांगायचंस ना."

"कुणाला?" छोटी म्हणाली.

ताईने बटण सोडलं आणि आल्याचं खरं कारण सांगितलं. तिने तशीच पीन मागितली होती. कारागीर म्हणाला, दुसरी करता येईल, पण आधी त्या बाईंना विचारून या. "तर विचारायला आलेय. करायला सांगू?"

छोटीचा हात कॉलरवर गेला. सत्तेचाळीस वर्षांत ताईला कधी कशाला नको म्हटल्याचं तिला आठवेना.

"नको," ती म्हणाली. आणि नुसतं तेवढंच फार तुटक वाटलं म्हणून पुन्हा म्हणाली, "नको, ताई."

ताई उठली. "तूही एक नगच आहेस," एवढंच म्हणून दार ओढून गेली. ती रागावली होती की नाही, ते छोटीला आवाजावरून ओळखता आलं नाही. हेही पहिल्यांदाच.

रविवारी सकाळी समोरचं दार वाजलं. छोटीने खिडकीतून पाहिलं, ताई एकटीच मागच्या गल्लीकडे निघाली होती. मी येऊ का म्हणून हाक मारावी असं तिच्या अगदी ओठांवर आलं. तिने खिडकी लावली. मग कपाट आवरायला काढलं, अर्ध्यात सोडलं, चहा केला, तो निवून गेला. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. एवढा वेळ काय करतेय ही तिथे? उरलेल्या सहाच्या सहा पिना घेतल्या की काय? दोन वेळा ती चपला घालून जिन्यापर्यंत गेली आणि परत आली.

बाराला ताई आली. तिने छोटीच्या दारात उभं राहून उजवा हात पुढे केला. मधल्या बोटात एक जाडजूड साप तीन वेढे घालून बसला होता, तोंडात स्वतःची शेपटी, डोळा भडक हिरवा. खडू धरताना सगळ्या वर्गाला दिसेल असा.

छान आहे असं म्हणायला छोटीची जीभ शिवशिवली. नुसत्या सवयीने. तिने ताईचा हात धरून उजेडाकडे वळवला, साप वरून पाहिला, खालून पाहिला.

"नाही आवडली?" ताईने विचारलं.

"नाही."

"नीट बघ."

"नीटच बघितली. बोजड आहे गं. मी नाही घालणार असली."

ताईने हात स्वतःकडे ओढून घेतला आणि बोट डोळ्यांसमोर धरून अंगठी निरखली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते छोटीने आरशात कधी पाहिलं नव्हतं.

"मला बोजडच हवी होती," ती म्हणाली आणि भावोजींना दाखवायला समोरच्या घरात गेली.