दोन्ही सारखेच

लाहूने लॅपटॉप उलटा केला, बुडाला बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं आणि कान जवळ नेला.

"काका, तपेलं नाय ते!" चिमणभाई काउंटरमागून ओरडले. "चालू मशीन आहे. सीधा ठेवा."

लाहूने तो सरळ ठेवला, पण ऐकलेल्या आवाजाने त्याचं समाधान झालं नव्हतं.

"पोकळ वाजतो," तो म्हणाला. "पत्रा पातळ हाय."

"पत्रा नाय, प्लास्टिक आहे."

"मंग एवढा भाव कशाचा?"

लाहू वरठा तलासरीपलीकडच्या एका आश्रमशाळेत आचारी होता. तीन-साडेतीनशे पोरांचं जेवण त्याच्या हातून जायचं. कांदा असो, डाळ असो, तेलाचा डबा असो की कढई, उधव्याच्या बाजारात लाहूला फसवून दाखवणारा व्यापारी अजून जन्माला यायचा होता, असं निदान लाहूचं म्हणणं होतं. वस्तू हातात घ्यायची, वाजवायची, हुंगायची, तोंड वाकडं करून खाली ठेवायची आणि मग भाव विचारायचा. डहाणू स्टेशनजवळच्या या दुकानातही त्याने हाच क्रम चालवला होता. लॅपटॉप तेवढा हुंगला नव्हता, आणि तोही निलम शेजारी उभी होती म्हणूनच.

निलम त्याची एकुलती एक मुलगी. त्याच आश्रमशाळेतून बारावी झाली होती, पालघरच्या एका कॉलेजात तिचं नाव लागलं होतं, वसतिगृहात जागाही मिळाली होती. येत्या सोमवारी तिला जायचं होतं. कपडे नकोत, नवी बॅग नको, लॅपटॉप मात्र हवाच, असं तिने स्पष्ट सांगितलं होतं. एवढा हट्ट या पोरीने जन्मात कधी धरला नव्हता. त्यामुळे लाहूला तो हट्ट कौतुकाचाच वाटला.

गेला महिनाभर त्याने भेटेल त्याला लॅपटॉपविषयी विचारलं होतं. शाळेतले संगणकाचे संदीप सर म्हणाले, रॅम आठ जीबीच्या खाली घेऊ नका. अधीक्षक म्हणाले, कंपनी बघा, बाकी सगळं झूट. बँकेतला शिपाई म्हणाला, वॉरंटी. ज्याने आयुष्यात लॅपटॉप उघडला नव्हता त्या मेव्हण्याने सगळ्यात जास्त वेळ माहिती दिली. लाहूने ते सगळं पाठ केलं होतं आणि एसटीत येताना निलमला म्हणूनही दाखवलं होतं. ती कानात वायरी घालून बसली होती. त्या वायरी हिच्या कानातून निघायच्याच नाहीत. 'गाणी ऐकून कान किडतील' असं तो रोज म्हणायचा आणि ती रोज नुसती हसायची.

"आठ जीबी?" त्याने आता चिमणभाईंना दरडावून विचारलं.

"आठ."

"डिस्क कोणती? फिरती का ती दुसरी?"

"एसएसडी. काका, तुमी पूरा अभ्यास करून आलेत!" चिमणभाईंनी दोन लॅपटॉप काउंटरवर शेजारी शेजारी मांडले. "हा छत्तीसचा. हा त्रेचाळीसचा. आतलं सगळं सेम. याची स्क्रीन साधी, त्याची स्क्रीन एकदम सारी, चांगली."

"आतलं सेम, तं वरचे सात हजार कशाचे?"

"डोळ्यांचे. पोरगी आखा दिवस याच्यात बघणार. इथे पैसा वाचवू नका. जुओ, बघा."

त्यांनी दोन्हीकडे एकच चित्र लावलं. हिरवा पोपट, लाल चोच. एकाकडचा पोपट नुकताच अंघोळ करून आल्यासारखा दिसत होता आणि दुसऱ्याकडचा धुळीत लोळल्यासारखा. फरक आंधळ्यालाही कळला असता. लाहूलाही तो कळला, आणि सात हजार ही काही थट्टा नव्हती. पण गिऱ्हाइकाने तोंडावर असलं काही दिसू द्यायचं नसतं. तो निलमकडे वळला.

"तू सांग. कोणता बरा?"

निलमने एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवली.

"दोन्ही सारखेच."

लाहूला हसू फुटलं. "ऐकलं का शेठ? आमच्या पोरीला फसवायचं काम नाय!"

चिमणभाईंना ते लागलं. तीस वर्षं दुकान चालवणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाने महाग म्हटलेलं चालतं, खोटं म्हटलेलं चालत नाही. "बेटा, नीट जुओ. पोपट सोड. हे वाच." त्यांनी दोन्ही पडद्यांवर बातम्यांचं एक पान उघडलं. "ही बारीक अक्षरं पहिले इथे वाच, मग तिथे वाच. आपोआप समजेल."

"सारखेच दिसतात काका," निलम म्हणाली. "स्वस्तातला द्या."

"वाच तर खरी!"

"वाच ना गं," लाहू म्हणाला. "लाजते काय? बारावी पास पोरगी."

निलम वाकली. नाक काचेला टेकेल इतकी वाकली. मग तिने तोंड बाजूच्या भिंतीकडे फिरवलं, जसं कोणी दाराला कान लावून आतलं ऐकतं. क्षणभर ती तशीच राहिली.

"डहाणू तालुक्यात…" तिने सुरुवात केली आणि थांबली.

त्या ओळीत डहाणू हा शब्दच नव्हता. लाहू चौथीपर्यंत शिकला होता, पण एवढं त्यालाही वाचता येत होतं. ओळ कुठल्याशा क्रिकेटच्या सामन्याविषयी होती. त्याने ती पुन्हा वाचली. मग चिमणभाईंकडे पाहिलं. चिमणभाई खाली बघत होते.

"निलम, काय वाचते तू?"

निलम सरळ उभी राहिली. "नाय दिसत, बाबा."

"काय नाय दिसत?"

"मधलं."

लाहूला काही कळलं नाही. किंवा कळलं, पण आत शिरलं नाही.

"जिथं बघते ना, तिथंच पुसल्यासारखं होतं," ती म्हणाली. आवाज शांत होता. हे वाक्य तिने मनात कितीतरी वेळा म्हणून ठेवलं असावं. "बाजूचं दिसतं. चालायला, पाणी आणायला काय अडत नाय. अक्षर धरायला गेली का अक्षर जातं."

"कधीपासून?"

"अकरावीला असल्यापासून. पहिला थोडं होतं. आता वाढलं."

"तुला चष्मा दिलाय ना त्या डोळ्यांच्या कॅम्पात?"

"त्याचा काय उपयोग नाय. मी आणि माझ्या वर्गातली रुचिका डॉक्टरकडे गेलेलो, इथंच, डहाणूला. तो बोलला आतला पडदाच मधून खराब होतो. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात दाखवा बोलला. सुधरंल असं मात्र नाय बोलला. आईबापाला घेऊन ये, बोलला."

लाहू मागच्या स्टुलावर बसला. आपण बसलो हेही त्याला नंतर कळलं. त्याच्या कानात सूं असा आवाज भरला होता आणि रस्त्यावरच्या रिक्षा दूर कुठेतरी वाजत होत्या. दीड-दोन वर्षं. एका खोपीत, एका चुलीपुढे, एका ताटलीतून खात होते सगळे. तांदूळ निवडायला बसायचं तिने सोडलं तेव्हा लाडकीने, तिच्या आईने, 'शिकलेली झाली, आता कामाची लाज वाटते' म्हणून तिला फैलावर घेतलं होतं. भर बाजारात मावशी समोर येऊन उभी राहिली आणि ही ओळख न दाखवता पुढे गेली, तेव्हा लाहूनेच तिला चढेल म्हटलं होतं. तीनशे पोरांतलं कोण आज कमी जेवलं हे त्याला लांबून ओळखू यायचं.

"मंग बारावी कशी केली तू?"

निलमने गळ्यातल्या वायरी हातात धरून दाखवल्या. "फोनमधे पुस्तकं ऐकली. रुचिकाने वाचून भरून दिलेली. पेपर होता तेव्हा डोळ्याजवळ धरून थोडं तरी दिसायचं."

"म्हंजे ती गाणी…"

"गाणी नव्हती, बाबा."

दुकानातला पंखा फिरत होता. चिमणभाईंनी उगाचच काउंटरवरचं कापड घेऊन दोन्ही पडदे पुसायला सुरुवात केली. "काका, मी मुद्दाम नाय केलं," ते पुटपुटले. "माझ्या मनात असं काय नवतं."

लाहू एकदम उठला. "चल."

"कुठं?"

"घरी चल. लॅपटॉप नको नि कॉलेज पण नको. डोळे नायत तं तिथं एकटी कशी राहशील? पडशील कुठं, गाडीखाली येशील. घरी चल, मी हाय, तुझी आई हाय."

निलम हलली नाही.

"म्हणून नव्हतं सांगितलं," ती म्हणाली.

हे वाक्य ती जोरात बोलली असती तर लाहूने तिला दटावलं असतं. ती हळूच बोलली. दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं, हे लाहूला विचार करून शोधावं लागलं नाही. आत्ताच तो ते सगळं बोलून मोकळा झाला होता. त्याला स्वतःचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त भीती वाटली. त्याचे पाय दाराकडे वळले होते, ते तिथेच राहिले.

"मला काय पाहिजे ते एकदा बघ तरी," निलम म्हणाली. "मग ने घरी."

तिने स्वस्तातला लॅपटॉप पुढे ओढला. दोन्ही हातांची पहिली बोटं बटणांवर फिरवत तिने काहीतरी शोधलं. "इथं दोन बटणांवर उंचवटा असतो," ती म्हणाली, "तिथून बाकीची मोजायची." मग तिने तीन बटणं एकदम दाबली आणि मशीन बोलायला लागलं. एका बाईचा सपाट, भराभर आवाज, कुठे श्वास न घेता. पडद्यावरची क्रिकेटची बातमी त्या बाईने घडाघडा वाचून टाकली. निलमची बोटं चालत होती तशी ती बाई थांबत होती, मागे जात होती, पुढे जात होती. निलम पडद्याकडे बघतही नव्हती. ती समोरच्या रस्त्याकडे तोंड करून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर घाई नव्हती.

"हे कुठं शिकली?"

"संदीप सरांच्या लॅबमधे, मधल्या सुट्टीत. सरांना नाय माहीत कशाला ते. आणि बाबा, कॉलेजात माझ्यासारखी दोन पोरं आहेत. मी फोन करून विचारलं. त्यांना परीक्षेला लिहायला माणूस देतात."

लाहू काउंटरपाशी परत आला. मग त्याने चिमणभाईंना विचारलं, "शेठ, असा बोलायला ह्याच्यात काय लागतं?"

चिमणभाईंच्या हातातलं कापड थांबलं. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता आणि त्यांना हायसं वाटलं. "स्क्रीन साधी चालेल. महाग स्क्रीनवाला तुम्हाला नकोच. प्रोसेसर फास्ट पाहिजे, नायतर आवाज अडकत अडकत येईल. बटणं खोल पाहिजे, बोटाला लागली पाहिजे. बॅटरी मोठी." ते आत गेले आणि एक काळा, जाड, ऑफिसात असतो तसा लॅपटॉप घेऊन आले. "हा कोणी घेत नाय. दिसायला चांगला नाय म्हणून. पण बटणं बघा."

निलमने बोटं फिरवली. दोनदा फिरवली. "हाच," ती म्हणाली.

"चव्वेचाळीसचा आहे," चिमणभाई म्हणाले. मग लाहूच्या तोंडाकडे बघून घाईने, "काका, अडतीस द्या. पोरीसाठी."

उधव्याच्या बाजारात कुणी एवढा भाव उतरवला असता तर लाहूने तो दिवस सणासारखा साजरा केला असता. आता त्याचा चेहरा ताठ झाला.

"पोरीसाठी कशाला? भाव हाय तो लावा."

"पण काका…"

"चव्वेचाळीस बोलले ना? चव्वेचाळीस. ती काय मागायला नाय आली."

बिल झालं. चिमणभाईंनी एक चांगला हेडफोन पिशवीत टाकला. तो मशीनबरोबर येतोच, असं त्यांनी सांगितलं आणि लाहूने ते खरं मानलं.

स्टँडवर तलासरीची गाडी लागायला वेळ होता. दोघं बाकावर बसले. पिशवी निलमच्या मांडीवर होती. पलीकडे दोन बायका रिकाम्या टोपल्या पालथ्या घालून त्यांवर बसल्या होत्या आणि मोठमोठ्याने हसत होत्या. लाहूला लाडकीला हे सगळं कोणत्या शब्दांत सांगायचं ते सुचत नव्हतं. मुंबईला कधी जायचं, रजा कुणाकडे मागायची, तेही सुचत नव्हतं. दुकानात असल्यापासून एकच प्रश्न त्याच्या मनात होता आणि तो विचारायची त्याची छाती होत नव्हती. शेवटी त्याने टॉवेलने तोंड पुसलं.

"निलम. मी दिसतो का?"

निलम वळली. "दिसतो ना."

"खोटं नको सांगू."

"सरळ बघितलं तं नाय दिसत," ती म्हणाली. "तुझ्या कानाच्या बाहेर बघितलं का मग दिसतो. नाक, मिशी, सगळं."

"मंग बघ."

तिने नजर त्याच्या डाव्या कानापलीकडे, स्टँडच्या खांबाकडे नेली आणि तिथेच ठेवली. कुणी बघणाऱ्याला वाटलं असतं, ही पोरगी खांबाकडे बघते आहे. लाहू ताठ बसला. गालावर माशी बसली तरी त्याने हात उचलला नाही.

"मिशी पांढरी झाली तुझी," ती म्हणाली.

तलासरीची गाडी लागली. टोपल्यावाल्या बायका उठल्या, माणसं दाराशी धावली, कंडक्टरने घंटी वाजवली. लाहूला ते सगळं ऐकू येत होतं. पण निलम अजून बघत होती, म्हणून तो उठला नाही.