खाडाखोड नसलेले कोडे

मित्रांनो, मी एक जुना फ्रेंच-इंग्रजी शब्दकोश आहे आणि मी रागावलेलो आहे. आपली गोष्ट सांगणाऱ्याने आधी जन्म सांगावा अशी रीत आहे, म्हणून तेवढे सांगतो. पण राग कशाचा, हे शेवटपर्यंत ऐकून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. नऊशे चाळीस पाने, लाल कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरे. बारीक टाइपात हजारो शब्द माझ्या पोटात बसवले गेले आणि शेवटच्या पानांवर क्रियापदांचे तक्ते छापले गेले. तिथून खोक्यात बसून मी नागपूरला, सीताबर्डीच्या एका पुस्तकांच्या दुकानात आलो. सत्तावीस वर्षांपूर्वी सुशील नावाच्या मुलाने मला विकत घेतले. तो अकरावीत होता आणि त्याने फ्रेंच हा विषय घेतला होता. मला वाटले, आपले भाग्य उजळले.

कशाचे काय. सुशीलने फ्रेंच घेतले होते ते 'स्कोअरिंग' म्हणून. वीस प्रश्न पाठ करायचे, गाइडमधली पत्रे घोकायची आणि पेपरात उतरवून मोकळे व्हायचे. बारावीला त्याला शंभरात ब्याण्णव मिळाले. पेढे वाटले गेले, कॉलनीत कौतुक झाले. त्या ब्याण्णवांत माझा वाटा किती, सांगू? दोन वर्षांत त्याने मला सहा वेळा उघडले. त्यातल्या एका वेळी तर चुरगळलेले हॉल तिकीट सपाट करायला. आज त्याला फ्रेंचमध्ये 'पाणी' म्हणायला सांगा, तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

त्या निकालानंतरच्या मे महिन्यात त्यांच्या इंदोऱ्याच्या घरी कूलरचा एक पाय डगमगू लागला. नागपूरचा मे तुम्हाला मी काय सांगावा. सुशीलने इकडेतिकडे पाहिले आणि मला उचलून त्या पायाखाली सरकवले. त्याच खोलीत बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिच्याखाली पुस्तकांचे कपाट होते. त्यातल्या प्रत्येक पुस्तकाला कव्हर होते, वर्षातून एकदा त्यांना ऊन दाखवले जाई. आणि चार हातांवर खिडकीशी मी, टिनाच्या त्या धुडाखाली. कूलरचे पाणी माझ्यावर ठिबके. माझी पाने फुगली, सोनेरी अक्षरे गेली, अंगाला ओल्या वाळ्याचा वास बसला. असे मी बावीस उन्हाळे काढले.

सुशीलची आई सिंधूताई यांना हे ठाऊक नव्हते. त्या धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स होत्या. चौतीस वर्षे त्यांनी दिवसपाळ्या आणि रातपाळ्या केल्या. थकून घरी आलेले माणूस कूलरखाली वाकून बघत नाही. त्या निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी सुशीलने चाकांचा नवा कूलर आणला, जुना भंगारात गेला, तेव्हा मी उजेडात आलो. सिंधूताईंनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि नाव वाचले.

"काहून रे सुशील, एवढा शिकलेला माणूस तू कूलरखाली घातला?" त्या म्हणाल्या.

सुशील हसला. रद्दीत देऊन टाक, आता सगळे मोबाइलवर असते, असे त्याने सांगितले. सिंधूताईंनी ऐकले नाही. चार दिवस गच्चीवर ऊन दाखवत त्यांनी माझे एकेक पान सोडवले, चिकटलेली पाने चाकूच्या बोथट बाजूने वेगळी केली आणि मला खाकी कव्हर घातले. मित्रांनो, बावीस वर्षांनी कोणी माझ्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा मला काय वाटले असेल ते तुम्हीच समजा.

सिंधूताईंना शब्दकोड्यांचे वेड होते. रोजच्या मराठी पेपरातले कोडे त्या चहा निवायच्या आत संपवत. मग पुढची दुपार त्यांना खायला उठे. त्या दुपारी त्यांनी मला दिल्या. दवाखान्यामुळे इंग्रजी त्यांना चांगले येत होते, त्याच्या आधाराने पहिल्या पानापासून त्यांनी मला वाचायला घेतले. शब्द मोठ्याने म्हणत. आमच्या फ्रेंचमध्ये बऱ्याच शब्दांची शेवटची अक्षरे गिळायची असतात. सिंधूताई एकही अक्षर गिळत नसत. छापले आहे म्हणजे म्हणायचे, असा त्यांचा हिशेब. एखादा फ्रेंच माणूस ते ऐकून बेशुद्ध पडला असता. मला मात्र राग आला नाही, कारण त्या घरात माझे शब्द कोणी तोंडात घेतलेच नव्हते. क्रियापदांचे तक्ते पाठ व्हायला त्यांना दीड वर्ष लागले.

यंदा जानेवारीत पेपरात मराठी कोड्याच्या शेजारी एक चौकट आली. शहरातल्या 'सप्तभाषा मंडळा'ने फ्रेंच शब्दकोड्याची स्पर्धा ठेवली होती. वयाची, शिक्षणाची अट नाही, मुदत तीन महिने, आणि जे पूर्ण कोडे बरोबर सोडवतील त्यांची नावे मंडळाच्या सभागृहातल्या फलकावर लागतील. सिंधूताई ती चौकट बराच वेळ वाचत राहिल्या. चौतीस वर्षे त्यांना सगळे 'सिस्टर' म्हणत आले होते. बरे होऊन जाणारे रोगी डॉक्टरांचे नाव पेपरात छापून आभार मानत, सिस्टरचे नाव कोणाला ठाऊकही नसे. मला मिटता मिटता त्या एवढेच म्हणाल्या, "एकडाव तं माह्यं नाव लागू दे कुठं."

ते कोडे साधेसुधे नव्हते. चोवीस शोधसूत्रे आणि प्रत्येकात शब्दांचा खेळ. एकाच फ्रेंच शब्दाचे दोन अर्थ असतात आणि सूत्र मुद्दाम दोन्हींकडे बोट दाखवते. 'हिला चार भिंती आहेत, तरी ती खिशात मावते,' असे एक सूत्र होते. आमच्याकडे खोलीला आणि नाण्याला एकच शब्द आहे. 'चोर करतो आणि चिमणीही करते,' हे दुसरे. उडणे आणि चोरणे आमच्याकडे एकाच शब्दात होते, त्याला मी काय करू.

सुरुवातीला त्यांनी मराठी कोड्याच्या सवयीने एका घरात एक अख्खे अक्षर, कान्यामात्रेसकट, बसवले. फ्रेंच शब्दाची दोन दोन अक्षरे एकेका घरात गेली, निम्मी घरे रिकामी राहिली, आणि हे कोडे काढणाऱ्यालाच मोजता येत नाही म्हणून त्यांनी दोन दिवस त्याला नावे ठेवली. चूक समजली तेव्हा स्वतःशीच हसत त्यांनी सगळे खोडले आणि पुन्हा सुरुवात केली. सर्वांत जास्त छळले ते एका सूत्राने: 'सुई हिला शोधते, जुगारी हिच्यासाठी देवाला हात जोडतो.' नऊ दिवस त्या अडल्या. दहाव्या दिवशी माझ्यात चाळता चाळता त्यांचे बोट थांबले. आमच्या भाषेत 'शीर' या शब्दाचा बोलीतला दुसरा अर्थ 'नशीब' असा आहे. जन्मभर लोकांच्या हातात शीर शोधत आलेल्या बाईला ती माझ्यात शोधायला नऊ दिवस लागले. त्या दिवशी त्यांनी सुशीलला आवडते म्हणून पातोडीची भाजी केली आणि कारण सांगितले नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चोवीसही सूत्रे सुटली. आता ऐका, घात कुठे झाला. दवाखान्यात रोग्याच्या कागदावर खाडाखोड चालत नसे. मेट्रन खोडलेला कागद फाडून नव्याने लिहायला लावी. ती सवय सिंधूताईंच्या हाडात मुरलेली. त्यांनी मंडळातून कोरी उत्तरपत्रिका आणली आणि निळ्या शाईने, टपोऱ्या अक्षरांत, एकही डाग न पाडता सगळी उत्तरे उतरवली. कच्चे कागद बावीस झाले होते. घरात पसारा नको म्हणून ते त्याच आठवड्यात रद्दीत गेले.

पंधरा दिवसांनी मंडळाचे पत्र आले. 'आपली सर्व उत्तरे अचूक आहेत. तथापि, पत्रिकेत कुठेही खाडाखोड आढळत नसल्याने उत्तरे अन्य साधनाच्या साहाय्याने मिळवली असावीत अशी शंका आहे. आपण प्रत्यक्ष उपस्थित राहून खुलासा करावा.' माझ्या पोटात हजारो शब्द आहेत, पण एखाद्या शब्दाचा एवढा संताप मला कधी आला नव्हता जेवढा त्या 'तथापि'चा आला. वाईट अक्षर काढले असते तर चालले असते. नीटनेटकेपणा हा गुन्हा झाला. मी साक्षीदार होतो, तीन महिने रोज दुपारी त्यांच्या मांडीवर होतो. पण मला कोण विचारणार?

आणि एवढ्याने भागले नाही. सुशीलने पत्र दोनदा वाचले, खुर्ची ओढून आईजवळ बसला आणि हळूच म्हणाला, "आई, रागावू नको. पण खरं सांग, कोणाच्या मोबाइलवरून तं नाई न घेतलं तू?"

ब्याण्णव मार्क्सवाला विचारत होता. सिंधूताईंनी त्याच्याकडे पाहिले, पत्राची घडी घातली आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी दुपारी त्यांनी मला उघडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पिशवीत घालून त्या निघाल्या आणि सुशील ओशाळून त्यांच्यामागे आला.

मंडळाचे कार्यवाह धर्मेंद्रजी पन्नाशीचे, हसतमुख गृहस्थ. त्यांनी पुढे होऊन खुर्ची दिली ती सुशीलला. सिंधूताई उभ्याच होत्या. अर्जावरचे आडनाव वाचताना धर्मेंद्रजींचे बोट थांबले, पत्त्यातल्या 'इंदोरा'वर पुन्हा थांबले. मग आईंचे शिक्षण किती झाले आहे, घरी फ्रेंच कोणाला येते, असे सगळे त्यांनी सुशीलला विचारले. जिच्याबद्दल विचारत होते ती बाई दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि तिला तोंड होते. उत्तरे सिंधूताईंनीच दिली. त्यांचा बटणांचा छोटा फोन धर्मेंद्रजींनी उलटसुलट करून पाहिला आणि खणात टाकला. मग त्यांनी मला उचलले, दोन्ही पुठ्ठे धरून उलटे केले आणि झटकले. चिठ्ठ्या पडतात का ते बघायला. माझ्यातून वाळ्याच्या दोन जुन्या काड्या तेवढ्या पडल्या. कूलरखाली बावीस वर्षे गेली त्यात अज्ञान होते, मित्रांनो; हा अपमान होता.

मंडळाच्या अध्यक्षा मधुवंती मॅडम यांनीच ते कोडे रचले होते. त्यांनी नवे, नऊ सूत्रांचे कोडे समोर ठेवले आणि एक तास दिला. सोबत फक्त मी. सिंधूताईंनी चष्मा पुसला आणि पेन्सिल घेतली. पहिले उत्तर चुकले. दुसरे लिहिले, खोडले, पुन्हा तेच लिहिले. माझी पाने पुढे-मागे उलटत त्या ओठांतल्या ओठांत प्रत्येक अक्षर म्हणत होत्या, आणि त्या उच्चारांवर धर्मेंद्रजी खिडकीकडे बघून हसत होते. अर्ध्या तासाने कागदाला एका जागी भोक पडले. पंचावन्न मिनिटे झाली तेव्हा आठ शब्द भरले होते. नववा त्यांनी वेळ संपता संपता लिहिला, पेन्सिल खाली ठेवली आणि त्या कळकट कागदाकडे ओशाळून पाहिले.

"मॅडम, दुसरा कोरा कागद देता का?" त्या म्हणाल्या. "हा लई खराब झाला. चांगल्या अक्षरात उतरवून देते."

मधुवंती मॅडमनी फाइलमधून सिंधूताईंची ती पहिली, निळ्या शाईची पत्रिका काढली आणि दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. त्यांना आणखी काही विचारावे लागले नाही. नऊ उत्तरे तपासून झाल्यावर त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"मला माफ करा, सिंधूताई. सगळी बरोबर आहेत. आम्हाला वाटलं..."

"काय वाटलं?" सिंधूताईंनी विचारले.

रोग्याला कुठे दुखते ते विचारावे तशा शांत आवाजात विचारले. मॅडम कागद सारखे करू लागल्या. धर्मेंद्रजी पंख्याकडे बघू लागले. सुशीलनेही मान खाली घातली, कारण त्यालाही हेच वाटले होते आणि त्यालाही ते तोंडाने म्हणता आले नसते. सिंधूताईंनी उत्तराची वाट पाहिली. ते आले नाही.

"पूर्ण बरोबर कितीकायचं आलं?" त्यांनी पुढे विचारले. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला धरून अकरा जणांचे.

"बाकीच्या दहाले बोलावलं होतं काय असं?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

"मंग फलकावर माह्या नावापुढं लिहा, दोनदा सोडवलं."

धर्मेंद्रजींनी नियम काढला, फलकावर फक्त नावे असतात. मधुवंती मॅडमनी त्यांना थांबवले आणि स्वतःच्या हाताने यादीत ते दोन शब्द लिहिले. परतताना ऑटोत सुशील म्हणाला, "आई, मीबी तं विचारलं होतं तुले." सिंधूताई "हो" म्हणाल्या आणि रस्त्याकडे बघत राहिल्या. त्याला लगेच मोकळे करण्याची त्यांना गरज वाटली नाही, आणि मलाही त्यात काही वावगे दिसले नाही.

मित्रांनो, पुस्तकांना कव्हर घाला, त्यांची पाने दुमडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच, ते मी पुन्हा सांगत नाही. माझे मागणे वेगळे आहे. कोणी काही करून दाखवले आणि तुम्हाला ते खरे वाटले नाही, तर त्याची पिशवी तपासण्याआधी सिंधूताईंचा प्रश्न स्वतःला विचारा: काय वाटले? आणि त्याचे उत्तर चार माणसांत मोठ्याने सांगता येत नसेल, तर तपासायचे ते तुमच्या आतच आहे.