मागच्या सीटचे हेल्मेट

मित्रांनो, हेल्मेटाला स्वतःचे डोके नसते. लोक आपले डोके देतील तेवढाच वेळ ते असते. मी एक जुने हेल्मेट आहे. कधी काळी पांढरे होते, आता समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पिवळट झाले आहे. इटलीतल्या जेनोव्हा बंदराजवळच्या एका कारखान्यात, खिडकीशेजारच्या खिळ्यावर मी लटकते.

मला घडवताना कारागिरांनी माझ्या पोटात मऊ फोम भरला आणि हनुवटीखाली घट्ट पट्टा शिवला. याच कारखान्यात काम करणाऱ्या ओरेस्ते कानेपा याने मला विकत घेतले ते स्वतःसाठी नव्हे, पाहुण्यांसाठी. इथे जहाजांचे पंप बनतात. ते तपासायला देशोदेशीचे लोक येतात, आणि काम संपले की प्रत्येकाला गाव बघायचे असते. मालक दर वेळी म्हणत, "ओरेस्ते, पाहुण्यांना जरा फिरवून आण."

"म्हणजे माझा रविवार गेला," ओरेस्ते म्हणे, आणि शनिवारीच स्कूटर धुऊन ठेवी.

आमच्या गावात माणूस खूश झाला की कुरकुरतो. लाडही कुरकुरतच करतो. हे ज्याला कळले त्याला जेनोव्हा कळले.

किती डोकी मी सांभाळली! एका ग्रीक कप्तानाचे तुळतुळीत टक्कल माझ्यात गरागरा फिरायचे. एक तुर्की इंजिनियर प्रत्येक वळणावर देवाचे नाव घ्यायचा. उतरल्यावर तो मला थोपटून म्हणाला, "गाडी चालवणाऱ्यापेक्षा हे बरं. निदान गप्प बसतं."

मग सिगरून आली. नॉर्वेच्या बेर्गेन गावची, उंच, कोरड्या विनोदाची बाई. पंपाला कान लावून दोष ओळखायची. पहिल्या वेळी तपासणी संपल्यावर ती ओरेस्तेला म्हणाली, "मी एक दिवस जास्त राहणार आहे. काय बघू?"

"काही बघण्यासारखं नाही इथे," ओरेस्ते म्हणाला. "चढ आहेत, उतार आहेत, आणि मासळीचा वास."

हिशेब बघणाऱ्या लोरेदानाबाई टेबलावरून ओरडल्या, "अहो, म्हणजे तो तुम्हाला सगळं गाव दाखवणार! चला, डोक्यावर घ्या ते टोपलं."

ते टोपले म्हणजे मी.

त्या रविवारी आम्ही गल्ल्यांतून हिंडलो, दीपस्तंभाखाली थांबलो, चण्याच्या पिठाची गरम खरपूस पोळी भट्टीवर उभ्याउभ्याच खाल्ली. सिगरून फोकाच्चा पाव दुधाच्या कॉफीत बुडवायला शिकली. ओरेस्ते म्हणाला, "अर्धा पाव कपात सोडलात की." ती म्हणाली, "मासा समजून गळ टाका." त्या दिवशी ओरेस्ते मोठ्याने हसला. त्याची आई वारल्यापासून मी ते ऐकले नव्हते.

ती वसंतात येई, शरदात येई. पंप निमित्त होते, रविवार हेच खरे काम होते. 'तुम्ही'चे 'तू' झाले. ओरेस्तेने माझा पट्टा तिच्या मापाचा करून ठेवला. मग तो कोणासाठी सैल केला नाही. ग्रीक कप्तान पुन्हा आले तेव्हा त्यांना बसने पाठवले.

मित्रांनो, एक गुपित सांगते. स्कूटरवर मागे बसलेली सिगरून गुणगुणायची. वाऱ्यामुळे पुढच्याला ऐकू जात नसे. ते गाणे फक्त मला ठाऊक होते. उतारावर ब्रेक लागला की आमची दोन हेल्मेटे एकमेकांवर आपटत, टक! मग दोघेही एकदम म्हणत, "माफ कर." आणि पुढच्या उतारावर पुन्हा टक. इतके वाईट ब्रेक ओरेस्ते एरवी मारत नसे.

एका शरदात आम्ही बोक्कादासे या कोळीवाड्याच्या खड्यांच्या किनाऱ्यावर बसलो होतो. कोळ्यांच्या होड्या वर ओढलेल्या होत्या. मी दोघांच्या मध्ये, खड्यांवर. सिगरून म्हणाली, "ओरेस्ते, आता कंपनी कोणाला पाठवणार नाही. पंप कॅमेऱ्यासमोर चालवायचा, आम्ही तिकडून बघायचं. ही माझी शेवटची खेप."

ओरेस्तेने एक खडा उचलला, पाण्यात टाकला. म्हणाला, "चला, माझे रविवार सुटले. दुपारपर्यंत झोपेन आता."

ती हसली, पण उशिरा हसली. "तुझी कुरकुर मला कळते. आज एकदा तिच्याशिवाय बोल."

त्याने दुसरा खडा उचलला आणि मुठीतच धरून ठेवला. मला वाटले, आता बोलेल. त्याचे ओठ हललेसुद्धा. मग तो म्हणाला, "ऊठ, विमान चुकेल. इथली वाहतूक तुला ठाऊक नाही."

विमानतळाच्या वाटेवर ती गुणगुणली नाही. तिची लहान बॅग ओरेस्तेच्या पायांमध्ये होती आणि तिचे हात त्याच्या कोटाच्या खिशात होते. बंदराच्या कडेने वारा नुसता घोंघावत होता. त्या वाऱ्यात, माझ्या आत, ती म्हणाली, "राहा म्हण ना. नुसतं राहा म्हण. मी राहते."

मला कान दिले होते, तोंड दिले नव्हते. माझा सारा फोम तिच्या श्वासाने ओला झाला, आणि मी काही करू शकले नाही. ब्रेक लागला. टक! लाल दिव्यापाशी ओरेस्तेने मान वळवली. "काही म्हणालीस?"

"काही नाही," सिगरून म्हणाली. "वारा आहे."

दिवा हिरवा झाला.

विमानतळाच्या दारापाशी तिने मला काढून त्याच्या हातात दिले. तो म्हणाला, "केस बघ तुझे. विमानात घेणार नाहीत." तिने त्याच्या गालावर गाल टेकवला, एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, आणि ती आत गेली. काचेच्या पलीकडून तिने एकदा मागे वळून पाहिले. तेव्हा तो स्कूटरचा आरसा पुसत होता. मान वर केली तोवर दार मिटले होते. त्याच्या हातातून मी सुटले आणि दगडी फरशीवर आपटले.

वरून मला ओरखडासुद्धा आला नाही. आत मात्र चीर गेली.

पुढच्या वसंतात पंप कॅमेऱ्यासमोर चालला. पडद्यावर सिगरून होती. काम झाल्यावर ती म्हणाली, "ओरेस्ते, कॅमेरा जरा खिडकीकडे कर ना. समुद्र दाखव."

"पगार पंपाचा मिळतो, समुद्राचा नाही," तो म्हणाला. पण त्याने कॅमेरा वळवला. वळवताना तो माझ्यावरून गेला. मी पाहिले, सिगरूनची बोटे आपोआप हनुवटीखाली गेली, जिथे माझा पट्टा यायचा. ओरेस्तेचा हात भरून येईपर्यंत तो तिला समुद्र दाखवत राहिला.

त्यानंतरच्या खेपेला पडद्यावर एक तरुण मुलगा होता. सिगरून दुसऱ्या कामावर गेली, असे त्याने सांगितले. ओरेस्तेने खिडकी लावून घेतली.

"अरे बाबा, ते टोपलं टाकून दे," लोरेदानाबाई एकदा हळूच म्हणाल्या. "एकदा आपटलेलं हेल्मेट डोकं वाचवत नाही. उगाच कोणाला घालशील."

"कोणाला घालतोय?" ओरेस्ते म्हणाला.

अजूनही रविवारी तो मला मागच्या सीटवर बांधतो. पट्टा तिच्याच मापाचा आहे. आम्ही बोक्कादासेला जातो, तो पाव खातो, कॉफी पितो, परत येतो. उतारावर ब्रेक लागतो आणि टक होत नाही.

मित्रांनो, माझे एवढे ऐका. आपटलेले हेल्मेट कोणाच्या डोक्यावर ठेवू नका. ते बाहेरून धड दिसते, पण आतून चिरलेले असते. कामासाठी आलेले माणूस एक दिवस जास्त राहिले, तर ते नुसते गाव बघायला राहिले असे समजू नका. आणि मागे बसलेले कोणी वाऱ्यात काही बोलल्यासारखे वाटले, तर गाडी कडेला घ्या, उतरा, विचारा. 'काही नाही' म्हणाले, तर दिवा हिरवा होऊ द्या, मागच्या लोकांना भोंगे वाजवू द्या. पुन्हा एकदा विचारा.