घंटाकाकांचा शेवटचा शुक्रवार

आमच्या साहेबांना सभागृहात सगळे घंटाकाका म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक आहे. नियम असा की चाळीस सदस्य हजर असल्याशिवाय कामकाज चालवायचं नाही. पण कुणी बोट दाखवेपर्यंत अध्यक्षही डोळेझाक करतात. शुक्रवारी दुपारी सदस्यांची खासगी विधेयकं असतात, आणि तेव्हा अर्धं सभागृह बॅगा उचलून घरची गाडी गाठायला पसार झालेलं असतं. नेमके अशा वेळी साहेब उठायचे. "जरा मोजून घ्या," म्हणायचे. मग इमारतभर घंटा. पाच मिनिटांत चाळीस भरले नाहीत की बैठक संपली, आणि ज्याचं विधेयक तो कपाळाला हात लावून बसलेला. छत्तीस वर्षांत त्यांनी अशी तेरा विधेयकं बुडवली. मंत्रिपद त्यांना कधीच का मिळालं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मी त्यांची सचिव. एकोणतीस वर्षं त्यांचे कागद सांभाळते आणि त्यांचा हट्टही. कागद सोपे.

त्यांना स्वतःला आयुष्यात एकच कायदा करायचा होता. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना कोर्टात, दवाखान्यात, पोलीस चौकीत खुणांची भाषा जाणणारा दुभाषा मिळालाच पाहिजे. दीड पानाचं विधेयक. कारण घरातलंच होतं. त्यांची थोरली बहीण, आमच्या ताई, जन्मापासून बहिऱ्या. तरुणपणी नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या, तेव्हा न्यायाधीशांनी विचारलं, मुलगा वडिलांकडे राहील, मान्य आहे का? ताईंना काय ऐकू येणार! समोरचा काही बोलला की वाईट दिसू नये म्हणून त्या मान हलवायच्या. तशीच हलवली. तो होकार धरला गेला. मुलगा पुन्हा दिसला तो अकरा वर्षांनी. साहेब तेव्हा बावीस वर्षांचे, दाराबाहेरच्या बाकावर बसून होते. आत सोडा म्हणून आपण भांडलो नाही, हे त्यांनी स्वतःला कधीच माफ केलं नाही.

त्या दिवसापासून ताईंनी मान हलवणं सोडलं. चहा घेणार का विचारा, हातांनी नीट विचारेपर्यंत त्या नुसत्या तुमच्याकडे बघत बसतात. उत्तरही हातांनीच. त्यांच्यामुळे मीही थोड्या खुणा शिकले.

खासगी विधेयकाची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरते. साहेबांची चिठ्ठी निघाली ती थेट या अधिवेशनात, शेवटच्या शुक्रवारी. पुढे निवडणूक, आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे साहेब पुन्हा लढणार नव्हते. आज बैठक मोडली तर विधेयक कायमचं गेलं.

तीन दिवस मी फोन करकरून सदस्यांना भंडावून सोडलं. "साहेबांसाठी नाही यायचं तर कुणासाठी!" असं चव्वेचाळीस जण म्हणाले. जेवणाच्या सुट्टीनंतर मी कर्मचाऱ्यांच्या बाकावरून मोजले. एकतीस. बाकीच्यांनी हातावर तुरी दिल्या होत्या. पण कुणी ब्र काढत नव्हतं. अध्यक्षबाई छताचं नक्षीकाम बघत होत्या. म्हाताऱ्याचं एवढं होऊन जाऊ दे, असं सगळ्यांनी मनातल्या मनात ठरवलेलं दिसत होतं. ताई वर गॅलरीत पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या साडीत. सकाळीच मी साहेबांना बजावलं होतं, "आज तेवढं मोजू नका." "बघू," म्हणाले होते.

भाषण झालं. आता मत घ्यायचं, तेवढ्यात साहेबांनी चष्मा पुसला आणि बाकांवरून नजर फिरवली. ओठ हलत होते. मोजत होते! हातातली फाईल फेकून मारावी असं मला वाटलं.

"अध्यक्षमहोदया, एकतीसच आहेत. घंटा वाजवा."

"अहो काका," बाईंच्या तोंडून निसटलंच, "विधेयक तुमचंच आहे!"

"म्हणूनच. आमच्या घरात एकदा न दिलेला होकार लिहून घेतला गेलाय. कुणी काही बोललं नाही म्हणून तो होकार, असं मला पुन्हा नको."

घंटा सुरू झाली. ताईंनी वरून मला हातांनी विचारलं, काय झालं? मी खुणेने सांगितलं, माणसं बोलावतायत. त्यांनी दाराकडे तोंड केलं.

दोन मिनिटं कुणी नाही. मग एक गृहस्थ आले, हातात अर्धं बिस्किट. "काय हो, घंटाकाकांनी स्वतःवरच घंटा मारली म्हणे?" कँटीनमध्ये बातमी पोचली होती. दोघे हसायलाच आले आणि साहेबांचा चेहरा बघून गपचूप बसले. पस्तीस. सदतीस. मग दार धाडकन उघडून डॉक्टरीणबाई आल्या, बॅगेसकट, धापा टाकत. साहेबांनी दोन वर्षांपूर्वी बुडवलेलं तेरावं विधेयक त्यांचं. मागून चौघं, त्यांनी टॅक्सीतून ओढून आणलेली.

"त्या दिवशी तुम्हाला खूप शिव्या घातल्या होत्या मी," त्या साहेबांच्या शेजारी आदळत म्हणाल्या.

"ऐकल्या होत्या."

बेचाळीस! मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

अध्यक्षबाई आवाजी मत घेणार, तोच डॉक्टरीणबाई पुन्हा उठल्या. "हात वर करून घ्या. गॅलरीत बसलेल्यांना दिसायला हवं."

हात वर गेले. एक, पाच, वीस, मग मोजायची गरजच उरली नाही. विरोधात एकही नाही. विधेयक मंजूर.

पुढे वरच्या सभागृहात काय व्हायचं ते होईल. तिथली यादी मी सोमवारीच सुरू केली. पण त्या दुपारी साहेब गुडघे धरत उभे राहिले आणि गॅलरीकडे वळले. भर सभागृहात, नियम धाब्यावर बसवून, त्यांनी हातांनी विचारलं, सावकाश, एकेक खूण नीट करत: ताई, मान्य आहे का?

ताईंचे हात मांडीवरून हललेच नाहीत. त्यांनी मान हलवली.