कोमट पाण्यातले मंगळवार

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या खोलीला वळसा घातला की व्यायामाचा तलाव लागायचा. तलाव कसला, मोठा हौदच. पाणी छातीपर्यंत आणि अंगाइतकं कोमट. वर काचेचं छप्पर. दुपारी तीनला ऊन त्यातून उतरायचं आणि तळाच्या फरशीवर हलत राहायचं. तिथे कुणी बोललं तरी शब्द वाफेतून वाट काढत जरा उशिरानेच पोचल्यासारखे वाटायचे.

बिट्टी सोळा वर्षांची. सायकलवरून पडून गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. 'हिच्या जिभेला हाड नाही,' असं तिची आई ओळख करून देतानाच सांगून टाकायची. शिंपीकाम करणारे बाबा दर मंगळवारी तिला सोडायचे आणि दुकानात परतायचे.

लंबू सतराचा. वर्गात सगळ्यात उंच, आणि खेळात संघ पाडताना सगळ्यात शेवटी उरणारा. पहिल्या दिवशी फिजिओ मॅडमनी विचारलं, "पाय कसा मोडला रे?"

"कडा चढत होतो. दोरी तुटली," तो म्हणाला. "वीसेक फूट असेल."

तोवर आपल्या टोपीशी खेळत बसलेल्या बिट्टीने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

मॅडमनी दोघांची जोडी लावली. एकाने पाठीवर तरंगायचं, दुसऱ्याने मानेखाली हात धरायचा.

"सोडू नकोस हं," लंबू म्हणाला.

"कड्यावरून पडलास ना? मग हौदाला काय घाबरतोस?"

त्याने डोळे मिटले. त्याचं डोकं आधी तिच्या तळहातांवर कलिंगडासारखं जड पडलं, मग हळूहळू हलकं होत गेलं. त्याच्या डाव्या भुवईत एक बारीक फट होती. उन्हाची जाळी त्याच्या कपाळावरून सरकत होती. मॅडम दोनदा "बस" म्हणाल्या, तिला ऐकूच आलं नाही.

मग तिची पाळी. कान पाण्याखाली गेले आणि जग बंद झालं. उरला फक्त तिचा श्वास, आणि वर काचेतल्या आभाळावर त्याचा उलटा चेहरा. एरवी तिच्या डोक्यात बाजार भरलेला असायचा. आता तिथे एकही माणूस नव्हता. आपण पाण्यात आहोत की कुठे वर, हेही तिला कळेना.

असे पाच मंगळवार गेले. सहाव्याला लंबूची आई टॉवेल घेऊन बाकावर बसली होती. बिट्टी आपणहून शेजारी जाऊन बसली.

"कडा किती उंच होता हो, काकू?"

"कसला कडा? कपाटावरचा बिस्किटांचा डबा काढत होता. स्टूल घसरलं. आणि पडल्या पडल्या विचारतोय, डबा फुटला का म्हणून!" काकू मायेने हसल्या.

बिट्टीला मात्र चिमटा बसल्यासारखं झालं. पाच आठवडे ती झोपताना तो कडा, ती दोरी डोळ्यांसमोर आणत होती. लंबू कुबडी टेकत आत आला, तशी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाजूला व्हा, बिस्किटवीर आले!"

पाण्यात व्यायाम करणारे कंबरदुखीचे एक आजोबा हसले. मॅडम हसल्या. लंबूही हसला, पण त्याचे कान लालबुंद झाले. त्या दिवशी तरंगताना त्याने एकदाही डोळे मिटले नाहीत.

पुढचे दोन मंगळवार तो आला नाही.

"ताप आहे म्हणे," मॅडम म्हणाल्या. "गुडघा अजून अर्धाच वाकतोय त्याचा. असाच राहिला तर पंचाईत होईल." मग त्यांनी बिट्टीकडे रोखून पाहिलं. "आणि तुझा गुडघा तर महिन्यापूर्वीच बरा झालाय. दुखतंय दुखतंय म्हणतेस म्हणून येऊ देतेय मी. खरंच दुखतंय का?"

बिट्टीचा चेहरा पडला. तिने आईला थाप मारली होती, बाबांना मारली होती, मॅडमना तर दर आठवड्याला. आणि लंबूची एका थापेवरून भर हौदात शोभा केली होती.

मॅडमपुढे गयावया करून तिने पत्ता मिळवला. तिसरा मजला. दार त्यानेच उघडलं.

"ताप कुठाय?" तिने विचारलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला तिला. "नाही, म्हणजे... मी चुकले. तसं बोलायला नको होतं."

"खरंच तर बोललीस."

"सगळ्यांसमोर बोलले."

तो चौकटीला टेकला. "दोरी तुटली म्हटल्यावर तू वर बघितलंस. स्टूल म्हटलं असतं तर बघितलं असतंस?"

तिला हो म्हणायचं होतं. "माहीत नाही," ती म्हणाली. "पण आता बघतेय ना. आणि ऐक, माझा पाय महिन्याभरापासून दुखत नाहीये. एकदासुद्धा दुखलेला नाही."

"मग येत कशाला होतीस?"

बिट्टी पायाच्या अंगठ्याने पायपुसण्याची दुमडलेली कड सरळ करत राहिली. लंबूला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर त्याने कुबडी उगाचच या हातातून त्या हातात घेतली.

"खाली येतोस?" शेवटी तिनेच विचारलं.

"अर्धा तास लागेल."

"लागू दे."

एक हात कठड्यावर, एक तिच्या खांद्यावर, असे ते उतरायला लागले. मधल्या खिडकीतून ऊन आलं होतं आणि त्यात धुळीचे कण सावकाश फिरत होते. दुसऱ्या मजल्यावर त्याने सांगितलं की त्याला उंचीची भीती वाटते. पहिल्यावर तिने सांगितलं की घरी तिच्याशी कुणी भांडतच नाही, सगळे गप्प बसतात, आणि ते तिला फार लागतं. खाली पोचल्यावरही त्याचा हात तिच्या खांद्यावरच राहिला. दोघांनीही ते लक्षात आल्याचं दाखवलं नाही.

पुढच्या मंगळवारी लंबू तलावावर आला. बिट्टीचं नाव यादीतून गेलं होतं. घरी सगळं खरं सांगून, आईची बोलणी खाऊन ती चालत आली आणि काठावर पाय सोडून बसली. मॅडमनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. लंबूने गुडघा वाकवला, ओठ चावला, पुन्हा वाकवला.

"अजून थोडा," ती म्हणाली.

"दुखतंय."

"खरंच?"

"खरंच."

"मग थांब जरा," ती म्हणाली आणि सरकून त्याच्याजवळ बसली.