प्लेटखालचा फ्यूज

साहेबरावांचा उजवा हात खांबावरच्या शॉकनं गेला, त्याला लई वर्षं झाली. शिरूर अनंतपाळचे लाइनमन ते. उभ्या गावाला उजेड दिला आणि स्वतः मनगटापासून थोटे होऊन नांदेडला लेकीकडं येऊन राहिले.

लेक पंचशीला तंत्रनिकेतनात शिकवायची. तिनं मनावरच घेतलं, बाबांना हात आपणच करून द्यायचा. त्यासाठी थ्रीडी प्रिंटर स्वतः जुळवला. ज्या प्लेटवर तो प्लास्टिकचे थर चढवतो, ती तापलेली लागते. गार पडली की प्लास्टिक कडेनं सुटतं आणि पंजा वाकडा निघतो. ही प्लेट चालू-बंद करायला रिले, म्हणजे आपोआप चालणारा खटका हवा. साहेबरावांना टकटक वाजणारा जुना रिले पसंत. "वाजतंय तवा कळतंय तरी, काम करून राहिलं म्हणून!"

पण सारखं चालू-बंद होऊन त्याचे पॉइंट जळतात. म्हणून पंचशीलानं बिनआवाजाचा सॉलिड स्टेट रिले घेतला. त्याची खोड तिला ठाऊक होती. मेला, तर बहुतेक चालू राहूनच मरतो, आणि मग प्लेट तापतच जाते. तेवढ्यासाठी तिनं प्लेटखाली थर्मल फ्यूज बसवला. प्लेट हद्दीबाहेर तापली की फ्यूज उडणार, लाइट तुटणार.

वर्गात पोरांना तिनं हे सगळं फळ्यावर काढून शिकवलं. आणि बापाला काय सांगितलं? "बाबा, ह्याला हात लावू नका." बस्स! तारांत जन्म गेलेल्या माणसाला आपण काय शिकवायचं, असं वाटलं तिला.

एका सकाळी पंजा छापायला लावून ती कामावर गेली. दुपारी रिले मेला आणि फ्यूज उडाला. फ्यूजनं आपलं काम चोख केलं होतं. पण साहेबरावांना काय दिसलं? बोटं निम्मी उभी राहिलेली, प्लेट गार पडत चाललेली, मशीन गप्प.

आता लाइनमनच तो! गावात लग्न असो की मयत, फ्यूज उडाला की लोक दारात यायचे, आणि साहेबराव तारेचा तुकडा घालून डायरेक्ट करून द्यायचे. उजेड थांबता कामा नये, एवढंच ठाऊक. त्यांनी मेन स्विच पाडला, प्लेटखाली उडालेला फ्यूज हुडकला, एका हातानं आणि दातांनी तार सोलली, फ्यूजवरून पीळ मारला, मेन चढवला. प्लेट तापली. गडी खूश!

मग धूर निघाला. मेन त्यांनी चटकन पाडला, पण लेकीनं केलेला पंजा प्लेटवर वितळून वाकत होता. तो वाचवायला त्यांनी सरळ डावा हात घातला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बोटं वाचायची नाहीत.

पंचशीलाला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. अगं, एक वाक्य! फ्यूज उडाला म्हणजे रिले गेला समजा, जोडू नका. एवढं तुझ्या तोंडून निघालं नाही? बापाला हात द्यायला निघालीस आणि होता तोही घालवून बसलीस. ती घरी जाऊन ती तार बघून आली. पीळ इतका घट्ट, की पकडीनंही सुटेना. जरा ढिला राहिला असता, तर प्लेट तापलीच नसती.

दुसऱ्या दिवशी साहेबराव बँडेजचा हात उशीवर ठेवून पडले होते. ती आली तशी हळूच म्हणाले, "पंचे, एका हातानं मारला म्या पीळ. पक्का बसला व्हता ना?"

"हाव बाबा," ती म्हणाली, "लई पक्का."

साहेबराव हसले.